भुंगे सोडले, पुढे काय?

गाजर गवताला आमच्या परभणीकडे कुणी गाजर गवत म्हणत नाही, सरळ 'काँग्रेस' म्हणतात. हे राजकीय विधान नाही, आधीच सांगून ठेवतो. :) कुणी म्हणतं पांढऱ्या टोपीसारखी फुलं म्हणून हे नाव पडलं, कुणी म्हणतं त्या काळच्या सरकारने अमेरिकेतून गहू आणला, त्यातून हे आलं म्हणून पडलं. पीएल-४८० चा गहू ही गोष्ट तर शाळेच्या निबंधापासून कृषी प्रदर्शनाच्या फलकापर्यंत सगळीकडे वाचलेली असते. पण तारखा जुळवून बघायची सवय लागली की असल्या गोष्टी टोचायला लागतात. पुण्यात हे गवत १९५५ मध्ये दिसलं आणि आर. एस. राव यांनी त्याची नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. आता भारताचा पीएल-४८० चा पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. म्हणजे आरोपी गावात पोचायच्या आधीच गुन्हा घडलेला! अर्थात अमेरिकन गहू त्याआधीही, १९५१ च्या कर्जातून, येत होताच. त्यामुळे धान्यातून बी आलं असणं अगदी शक्य आहे, फक्त पीएल-४८० च्या नावावरची ही केस कोर्टात टिकणार नाही.

असो. आमच्यासारखे असंख्य लोक परभणीहून पुण्याला आले, आणि हे गवत पुण्याहून परभणीला गेलं. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या दोन्ही कडा, पाथरी रोडच्या बाजूच्या चाऱ्या, प्रत्येक गावाचं गायरान, शाळेचं मैदान, स्मशानभूमी... जिथे जिथे मालक नाही तिथे हे आहे. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या अंदाजानुसार देशात साधारण ३.५ कोटी हेक्टरवर ते पसरलंय. एका झाडाला काही हजार बिया, चांगलं पोसलेलं असेल तर पंधरा-वीस हजारही. पाणी मिळालं तर उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येतं. थंडी असो, ऊन असो, ओल असली की झालं.

आणि ज्यांना वाटतं की असेना का, गवतच आहे, त्यांनी एकदा आमच्या काकूचे हात बघावेत. खुरपणीला जाणाऱ्या बायका हे गवत उपटताना हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधतात. त्याच्यात पार्थेनिन नावाचं रसायन असतं, त्याने ज्यांना ॲलर्जी होते त्यांची कातडी काळी पडते, जाड होते, भेगाळते. काकू गेली सात-आठ वर्षं उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून शेतात जाते. डॉक्टर म्हणतात गवतापासून लांब राहा. आता सांगा, शेतात राबणाऱ्या बाईने गवतापासून लांब कुठे जायचं? जनावरांनी चुकून खाल्लं तर दुधाला कडवट चव येते ते वेगळंच.

तर आजचा विषय गवत नाही, गवताचा शत्रू आहे. आणि माझं म्हणणं थोडक्यात असं, की हा शत्रू आपल्याकडे चाळीस वर्षांपासून आहे, तो कामाचाही आहे, पण आपण त्याला औषधासारखं वापरायला जातो आणि मग 'चालत नाही' म्हणून सोडून देतो.

त्याचं नाव मेक्सिकन भुंगा. शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकोलोराटा. दिसायला देखणा असतो. ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा मोठा, मळकट पांढरा रंग आणि पाठीवर तपकिरी उभ्या नागमोडी रेघा. मादी पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते, आयुष्यभरात शेकड्यांनी. अळ्या आधी कोवळे शेंडे खातात, मग पानं. मोठ्या झाल्या की मातीत शिरून कोष करतात. अंड्यापासून भुंग्यापर्यंत साधारण महिना, म्हणजे एका पावसाळ्यात तीन-चार पिढ्या आरामात. मग थंडी सुरू झाली की प्रौढ भुंगे जमिनीत जाऊन झोपतात ते थेट पुढच्या जूनच्या पावसाला उठतात. ही झोप लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९८३ मध्ये हा भुंगा मेक्सिकोतून बंगळूरला आणला गेला. लगेच सोडला नाही. आधी बंद जागेत ठेवून वेगवेगळ्या कुळांतल्या डझनावारी पिकांवर, झाडांवर उपाशी पोटी सोडून पाहिला, की हा दुसरं काही खातो का. आमच्या धंद्यात याला रिग्रेशन टेस्टिंग म्हणतात आणि ते करायचा सगळ्यांना कंटाळा असतो. पण आमचं बरं आहे, रात्री अकराला रिलीज फसला तर साडेअकराला जुनं व्हर्जन परत टाकता येतं. किडा एकदा उडाला की उडाला. परत बोलावता येत नाही. त्यामुळे इथली टेस्टिंग ही खरी टेस्टिंग, आणि तिला अख्खं वर्ष गेलं. १९८४ मध्ये बंगळूर परिसरात भुंगे शेतात सोडले. पहिल्या एक-दोन वर्षांत फारसं काही दिसलं नाही, आणि तीन-चार वर्षांत तिथे गवताचे पट्टेच्या पट्टे खाऊन खराट्यासारखे झालेले दिसायला लागले.

मग १९९१ च्या सुमारास बॉम्ब पडला. कर्नाटकात सूर्यफुलाच्या पानांवर हेच भुंगे सापडले. आता गंमत बघा. सूर्यफूल, करडई, झेंडू, शेवंती आणि गाजर गवत ही सगळी एकाच कुळातली भावंडं. त्यात उत्तर अमेरिकेत सूर्यफुलावर पडणारा जो कुप्रसिद्ध भुंगा आहे, झायगोग्रामा एक्सक्लेमेशनिस, तो याचाच सख्खा चुलतभाऊ. त्यामुळे घबराट होणं अगदी स्वाभाविक होतं. करडई पिकवणाऱ्या आमच्या परभणीच्या शेतकऱ्यानेही घाबरायलाच हवं होतं. सरकारने समिती नेमली, भुंगे सोडणं काही वर्षं थांबलं. आणि अभ्यासातून जे कारण पुढे आलं ते मला फार आवडतं. गाजर गवताचे परागकण वाऱ्याने उडून शेजारच्या सूर्यफुलाच्या पानांवर बसतात. भुंग्याला वासाने वाटतं की हेच आपलं ताट, म्हणून तो कुरतडतो. पण नुसत्या सूर्यफुलावर त्याची वंशवृद्धी होत नाही. म्हणजे बग भुंग्यात नव्हता, इनपुटमध्ये कचरा होता! शेताच्या धुऱ्यावर गाजर गवत नसेल तर सूर्यफुलाला धोका नाही, हा त्याचा व्यवहारातला अर्थ.

पण एकदा बदनामी झाली की झाली. आमच्या गावात अजूनही कुणीतरी म्हणतंच, "ते किडे उद्या कापसावर पडले म्हंजी?" चाळीस वर्षांत पडले नाहीत. कापूस त्या कुळातलाच नाही.

किड्याने तण मारणं हा प्रकार आपल्याकडे नवा आहे असंही नाही. जगातल्या अगदी जुन्या उदाहरणांपैकी एक भारतातलंच आहे आणि तेही चुकून घडलेलं. १७९५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनी लाल रंगाचा धंदा करावा म्हणून ब्राझीलहून कोचिनील किडे आणले. रंगाचा किडा वेगळा, हे भलतेच निघाले. रंग काही मिळाला नाही, पण या किड्यांनी निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला. पुढे १९२६ मध्ये श्रीलंकेतून दुसऱ्या जातीचे कोचिनील किडे मुद्दाम आणून दक्षिण भारतातल्या दुसऱ्या एका निवडुंगावर सोडले, तेही चाललं. केरळात 'आफ्रिकन पायल' नावाचं पाण्यावरचं तण भातखाचरं आणि कालवे बंद करत होतं, ते १९८३-८४ मध्ये सोडलेल्या दोन-अडीच मिलिमीटरच्या सोंडकिड्याने काही वर्षांत आटोक्यात आणलं. उलट घाणेरीवर १९२१ पासून प्रयोग चाललेत आणि घाणेरी अजून मजेत आहे. म्हणजे हे काही जादूची कांडी वगैरे नाही. कुठे लागू पडतं, कुठे नाही, आणि का, हे बघावं लागतं.

आता परभणी. आमच्याकडे कृषी विद्यापीठ आहे, १९७२ पासून. ('जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणतात ते उगाच नाही.) तिथल्या परोपजीवी कीटक संशोधन योजनेत पावसाळ्यात हे भुंगे मिळतात. शेतकऱ्यांना ते द्यावेत, कसे सोडायचे ते सांगावं, हे सगळं विद्यापीठाने केलेलं आहे. दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट देशभर गाजर गवत जागृती सप्ताह असतो, त्यात भुंगे सोडतानाचे फोटोही येतात. मग गवत का जात नाही?

माझ्या चुलत्यांनी तीन वर्षांपूर्वी जुलैत डबा भरून भुंगे आणले. झाकणाला भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा डबा, आत गाजर गवताचेच शेंडे. आजी म्हणाली, "आता किडेबी घरी आणायलेत का रे? हिकडं औषीद मारमारून जीव चाललाय आन ह्यो किडे आणायलाय." काकांनी ते गायरानाच्या कडेला, कॅनॉलच्या पुलाजवळ सोडले. तीन आठवड्यांनी पानांना चाळणीसारखी भोकं दिसायला लागली. मी तेव्हा सुट्टीवर गेलो होतो, स्वतः पाहिलंय, एकेका शेंड्यावर पाच-पाच सहा-सहा अळ्या होत्या. काका रोज संध्याकाळी तिकडे चक्कर मारून यायचे, जणू गाय व्यालीय.

आणि मग आला पंधरा ऑगस्ट. झेंडावंदनाच्या आधी गाव स्वच्छ दिसावं म्हणून माणसं लावून, ग्रास कटरने कॅनॉलपासून शाळेपर्यंत सगळं सपाट केलं. उरलेल्यावर पाठीवरच्या पंपाने तणनाशक मारलं. दोन दिवसांत गवत पिवळं, आणि अळ्यांना खायला काही नाही. अळी उडू शकत नाही. कोषात जायच्या आत उपाशी मेल्या. महिन्याभरात पाऊस झाला, बुडख्यातून आणि बियांतून गवत पुन्हा तरारलं. भुंगे मात्र नाहीत. "बघा, म्हणलं नव्हतं? किड्यानं काय होत नसतंय." हे त्याच माणसाने म्हटलं ज्याने ग्रास कटर लावला होता.

मुद्दा इथे आहे. तणनाशक म्हणजे घटना असते. आज मारलं, परवा दिसलं, बिल निघालं, फोटो काढला. भुंगा म्हणजे वस्ती असते. वस्तीला खायला लागतं, झोपायला जागा लागते आणि चार-पाच वर्षं कुणी उठवून लावू नये असं लागतं. ऑस्ट्रेलियात हाच भुंगा १९८० मध्ये सोडला, तर दहा-बारा वर्षं लोकांना वाटत होतं की फुकट गेला. नव्वदच्या दशकात क्वीन्सलँडमध्ये त्याचा जोर दिसायला लागला. आपल्याकडे सरपंचाची अख्खी टर्म पाच वर्षांची, आणि बजेट एका वर्षाचं.

दुसरं म्हणजे भुंग्याला विक्रेता नाही. तणनाशकाला कंपनी आहे, डीलर आहे, उधारी आहे, पेरणीआधी येऊन भिंत रंगवून जाणारा माणूस आहे. भुंगा एकदा विकत घेतला की तो स्वतःच स्वतःच्या कॉप्या काढतो, आणि शेजाऱ्याच्या शेतातही जातो. लिनक्सच म्हणा की! एका गावात वाढला की तिथून वेचून डब्यात भरून दुसऱ्या गावात नेता येतो, पुन्हा विद्यापीठात जायचीही गरज नाही. असल्या मालाचा धंदा कोण करणार? जो धंदा होत नाही त्याची जाहिरातही होत नाही. दोष भुंग्याचा नाही.

(केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांमार्फतच फवारायचं अशी अधिसूचना काढली होती. ती ज्या दिवशी वाचली त्या आठवड्यात आमच्या गावातले पंप नेहमीसारखेच चालू होते. त्यावर अधिक काय लिहायचं?)

पण भुंग्याच्या भक्तांनाही दोन शब्द ऐकवायचेत. मघाशी ती झोप लक्षात ठेवा म्हटलं होतं. भुंगा थंडीत झोपतो, गवत झोपत नाही. कोरडवाहू गावात याने फार फरक पडत नाही, कारण दिवाळीनंतर ओलच संपते. पण कालव्याखालच्या पाथरी-मानवतसारख्या भागात रब्बीला पाणी सुटतं, चाऱ्या गळतात, आणि डिसेंबर-जानेवारीत गाजर गवताला दुसरा पावसाळाच मिळतो. तेव्हा मैदान मोकळं असतं, खाणारा कुणी नाही. पावसाळ्यात भुंग्याने जे कमावलं ते गवत हिवाळ्यात बिया टाकून परत मिळवतं. म्हणून माझं मत असं की हाताने उपटायचं असेल तर ते जानेवारीत, कालव्याच्या कडेला, फुलं यायच्या आत उपटावं. हातमोजे देऊन. आपण करतो बरोबर उलटं. ऑगस्टमध्ये, जेव्हा भुंगा फुकट काम करत असतो, तेव्हा आपण त्याच्या ताटावरून गवत उचलतो आणि जानेवारीत घरी बसतो.

उभ्या पिकातही भुंग्याकडून अपेक्षा ठेवू नका. सोयाबीनमध्ये पंधरा दिवसांत जे व्हायला हवं ते त्याच्याने होत नाही, तिथे डवरा आणि खुरपंच लागतं. शिवाय कापसावर कीटकनाशक मारलं की वाऱ्याबरोबर धुऱ्यावरचे भुंगेही जातात. त्याची जागा आहे ती गायरान, रस्त्याची कड, कालव्याची कड, पडीक. म्हणजे जिथून बी उडून शेतात येतं ती जागा.

आणि खाल्ल्यानंतर रिकामी झालेली जागा कुणीतरी धरायला हवी, नाहीतर पुन्हा तेच उगवतं. इथे आपला तरोटा कामाला येतो. पुण्याकडचे लोक टाकळा म्हणतात. पहिल्या पावसात ज्याची कोवळी भाजी करतात तोच. उन्हाळ्याच्या शेवटी त्याचं बी फेकून ठेवलं तर पावसाबरोबर दाट उगवतो आणि खाली गाजर गवताला ऊनच मिळू देत नाही. ही शिफारस कृषी खात्याच्या पत्रकांत कितीतरी वर्षांपासून आहे. बी विकत घ्यायला नको, दिवाळीच्या सुमाराला रस्त्याकडेच्या शेंगा ओरबाडल्या तरी पोतं भरतं. भुंगा आणि तरोटा अशी जोडगोळी हवी, एकट्या भुंग्यावर अख्खं ओझं टाकणं मला पटत नाही.

जलपर्णीचंही थोडं असंच आहे. तिच्यावरचे सोंडकिडे १९८२-८३ मध्येच भारतात आणलेत. पण नदीत रोज सांडपाणी सोडून जलपर्णीला खत घालायचं आणि वर दर वर्षी मशीन लावून किड्यांसकट ती उचलायची, मग किडा बिचारा काय करणार? पुण्यात पुलावरून जाताना दर उन्हाळ्यात ते मशीन बघतो आणि गावचा ग्रास कटर आठवतो. पण तो विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी.

मागच्या महिन्यात गावी गेलो तेव्हा काका आणि मी सरपंचांकडे गेलो होतो. दोनच मागण्या घेऊन. एक, कॅनॉलच्या पुलापासून गायरानाच्या विहिरीपर्यंतचा पट्टा जुलै ते ऑक्टोबर कुणी कापायचा नाही, फवारायचा नाही, पाच वर्षं. शाळेपुढचं आणि रस्त्यावरचं खुशाल कापा. दोन, सफाईची जी मजुरी ऑगस्टमध्ये खर्च होते त्यातली निम्मी जानेवारीसाठी राखून ठेवा. पैसे जास्तीचे एक रुपयासुद्धा नकोत. सरपंच म्हणाले, "भाऊ, तुमचं म्हणणं खरं हाय, पर गवत वाढलेलं दिसलं की लोकं मलाच बोलत्यात. किडे पाळायलेत म्हणून हसतील." यात तथ्य आहे. वाढू दिलेलं गवत आणि दुर्लक्ष केलेलं गवत लांबून सारखंच दिसतं. म्हणून मग तिथे पाटी लावायचं ठरलं, 'येथे भुंगे सोडले आहेत, गवत कापू नये'. पाटीचा खर्च माझ्याकडे.

काकूला मजकूर वाचून दाखवला तर तिने दोन बदल सुचवले. एक म्हणजे भुंग्याचं चित्र मोठं काढायचं, कारण कटर चालवणारी पोरं वाचत बसत नाहीत. आणि दुसरं, खाली लिहायचं की हा किडा माणसाला चावत नाही. जुलैच्या पहिल्या शनिवारी रात्रीच्या गाडीने डबा घेऊन निघणार आहे. कुणाच्या शिवारात आधीच भुंगे असतील आणि वेचून देता येत असतील तर कळवा, तेवढेच वाढतील.